मी ‘हं’ म्हननार नाय

साथीच्या दिवसांत कथांनी तुम्हाला कशी उमेद दिली यावर पाच मिनिटं बोला, असं निमंत्रण मला गेल्या महिन्यात आलं. फोन करणाऱ्या बाई गोड बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "फक्त जरा सकारात्मक ठेवा हं ताई. लोक कंटाळलेत त्या विषयाला." मी नाही म्हणून फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी आपटली. लोक कंटाळलेत म्हणे. ज्यांच्या घरातून गेलेलं माणूस परत आलंच नाही, त्यांना कंटाळायला अजून फुरसत मिळालेली नाही, बाई.

सांगण्यासारखं माझ्याकडे आहे, पण ते गोड नाही. कथांनी आमच्या घरात आधी आणला तो संताप. बाकीचं त्याच्या मागून आलं.

मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. नवरा चितेगावच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. हर्सूलला आमचं दोन खोल्यांचं घर. माझे सासरे, म्हणजे आबा, अजिंठ्याकडचे. जन्मभर मेंढरांमागं फिरले. गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून आमच्याकडे आले आणि शहरात करायला काही नाही म्हणून संध्याकाळी गोष्टी सांगू लागले. त्यांची एक अट होती. ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हं’ म्हणायचं, हुंकारा द्यायचा. त्यांच्यात ती रीतच आहे. रानात अंधारात बसल्यावर सांगणाऱ्याला कळायला हवं ना, की ऐकणारा जागा आहे आणि गोष्ट पुढं न्यायला त्याची हरकत नाही. हुंकारा थांबला की आबा थांबायचे. पोळ्या लाटताना माझं लक्ष उडालं की म्हणायचे, "सूनबाई, गडी नदीत हुबा हाय. हं म्हन, म्हंजे वर काढतो." मी हं म्हणायचे आणि गडी काठाला लागायचा.

दुसऱ्या लाटेत नवरा आणि आबा एकदमच आजारी पडले. नवऱ्याचं घरी राहून भागलं. आबांना दम लागला, तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून एका दवाखान्यात नेलं. दारात त्यांना खुर्चीवर बसवून आत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. त्यानंतर आबा आम्हाला दिसले नाहीत. आतली खबर मिळेना, फोन कुणी उचलेना. मग एका दुपारी नवऱ्याच्याच मोबाईलवर फोन आला. तो आतल्या खोलीत एकटा होता, मी दाराबाहेर. त्यानं फोन खाली ठेवला, तेवढ्यावरून मी समजले. पुढचं सगळं परस्पर उरकलं. तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

शेजाऱ्यांचं काय सांगू? आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं तेच मुळी इतक्या दिवसांनी, की त्या दिवशी सगळ्यांचे हंडे-पिंपं रांगेत असतात. आबा गेले त्या आठवड्यात आमची पाळी कुणालाही न विचारता शेवटी टाकली गेली. आमच्या हंड्यापर्यंत पाणी आलं तेव्हा नळाला नुसता वारा येत होता. आणि मोबाईलवर त्याच शेजारणींचे उगवत्या सूर्याचे फोटो, खाली लिहिलेलं, ‘चांगला विचार करा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नवऱ्याचा ताप उतरला, पण तो बोलेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ताट वाढलं तर दोन घास, नाही वाढलं तर काही नाही. मोबाईल वाजला की उठून मोरीत जायचा आणि वाजणं थांबेपर्यंत तिथंच उभा राहायचा. कारखान्यातून निरोप आले, मग तेही बंद झाले. नोकरीपेक्षा मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा माणूस आबांच्या मागोमाग चाललाय आणि मी नुसती बघत बसलेय, असं वाटायचं.

वाचनालय बंद होतं. जुन्या दिवाळी अंकांचं एक पोतं मी दुरुस्तीसाठी घरी आणून ठेवलं होतं. घरातली शांतता सोसेना म्हणून मी त्यातल्या कथा मोठ्यानं वाचायला लागले. त्याला बरं वाटावं वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. घरात कुणाचा तरी आवाज हवा होता, तो माझा तर माझा.

कितीतरी कथा भिंतीवर आपटून परत आल्या. मग एक आली ती मेंढपाळाची. म्हातारा, एकटा, सज्जन, कुणाला उलटून न बोलणारा. शेवटच्या परिच्छेदात तो सावकाराच्या ओट्यावर मरून पडला आणि लेखकानं त्याच्या काठीच्या टोकावर चंद्र आणून ठेवला. मी अंक मिटला.

"मेला?" भिंतीकडून आवाज आला.

कितीतरी दिवसांनी ऐकलेला तो पहिला शब्द. मी म्हटलं, "हो."

"कशापायी मारलं त्याला?"

"अहो, कथा आहे ती."

"कथा हाय म्हनून काय झालं? त्यानं काय केलं व्हतं कुनाचं?"

दुसऱ्या दिवशी मी मोलकरणीची कथा घेतली. ती जिन्यावरून पडून मेली. नंतरच्या कथेतला म्हातारा हमाल बसस्टँडवर मेला, तेही त्या कथेला बक्षीस मिळवून देऊन. नवरा आता उठून बसला होता. मी पोतं उपसून नुसते शेवट वाचत सुटले आणि माझंही डोकं फिरलं. गरीब माणूस पहिल्या पानावर आला की त्याची धडगत नाही. त्याला मारायचं, वर चंद्र ठेवायचा, आणि आपण वाचणाऱ्यांनी काय सुंदर शेवट म्हणून मान डोलवायची. बाहेर खरी माणसं पटापट जात होती आणि इथंही तेच.

मग रखवालदाराची कथा आली. वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं, नवरा हुंकारा देतोय. त्याला स्वतःला ते कळलेलं नसावं. थंडी वाढली, हं. घोंगडी फाटकी होती, हं. मालकाच्या बंगल्यातला दिवा विझला. इथं हुंकारा आला नाही. मी वर पाहिलं.

"थांब," तो म्हणाला. "म्होरं काय व्हनार ते दिसतंय मला. मी हं म्हननार नाय."

"मग?"

"मग काय? गोष्ट हितंच थांबली."

आणि मग तो स्वतःच सांगायला लागला. रखवालदार उठला. त्यानं बंगल्याच्या दारावर काठी हाणली. मालक लुंगी सावरत बाहेर आला, तशी त्यानं मालकाची अशी अब्रू उतरवली की बोलायची सोय नाही. मग मालकिणीनं रजई आणून दिली. नवरा मालकाला शिव्या देत होता त्या मला इथं लिहिता येणार नाहीत, पण मी त्या जिवाचे कान करून ऐकल्या.

पुढचे काही दिवस आम्ही तोच उद्योग केला. मी वाचायची, त्याला माणूस मरणार असं वाटलं की तो हुंकारा बंद करायचा, आणि मग आम्ही दोघं मिळून त्या माणसाला वाचवायचो. कधी भांडून, कधी पळवून, एकदा तर चक्क लॉटरी लावून. कथा म्हणून सगळा चुथडा होत होता, पण मला फिकीर नव्हती. नवरा पोटभर जेवायला लागला. नळ आला त्या दिवशी हंडा घेऊन तो स्वतः गेला आणि रांगेत उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाला, "पाळी म्हंजे पाळी. आमचा नंबर कुनी मागं टाकला ते म्होरं या." कुणी पुढं आलं नाही. आमचे हंडे भरले. मला लई आनंद झाला, अगदी त्याच्याच भाषेत सांगायचं तर.

कारखान्यात कामावर जायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी मी अंक उघडला तर त्यानं तो मिटायला लावला.

"दवाखान्यातून फोन आला तवा," तो म्हणाला, "ते म्हनले, पेशंट एक्स्पायर झाला, आधार कार्ड घेऊन या. मी काय म्हनलो म्हाईतंय?"

"काय?"

"हं म्हनलो."

मी अंक खाली ठेवला.

"नुसतं हं. तिकडनं फोन ठेवला. झालं. आबा गेले."

"तुमच्या हं म्हणण्यानं काही झालं नाही हो."

"म्हाईतंय मला. तरी म्हनायला नको व्हतं."

एवढे दिवस तो भिंतीकडे तोंड करून काय बघत होता ते मला तेव्हा कळलं. मला त्या फोनवरच्या अनोळखी आवाजाचा असा राग आला, की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. बापाची बातमी द्यायची, पोराच्या एका अक्षरावर फोन बंद करायचा, आणि पुढचा नंबर लावायचा. त्या आवाजालाही दमायला झालं असेल, त्याच्या घरीही कुणी आजारी असेल, हे मला समजतं. राग अजून गेलेला नाही.

"आज मी सांगतो," नवरा म्हणाला. "एक म्हातारा व्हता."

"हं."

"त्यानं मेंढरं इकली अन् शहरात लेकाकडं आला."

"हं."

"तितं त्याला खोकला झाला. लेक तापानं पडलेला. मग सुनंनं रिक्षा बोलावली."

"हं," मी म्हटलं. आबांचा तापलेला हात माझ्या हातात होता, ते आठवलं.

"रिक्षा दवाखान्याच्या दारात हुबी ऱ्हायली."

तो थांबला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्या दारात आबांना मीच सोडून आले होते. त्यानं वाट पाहिली. मी हं म्हटलं नाही.

"मग सून म्हनली, हितं नको," तो सावकाश म्हणाला. "रिक्षा माघारी फिरवली."

"हं."

"हर्सूलच्या तळ्याकडनं वारं येत व्हतं. म्हातारा म्हनला, सूनबाई, घर कवा येतंय? सून म्हनली, आलंच आबा."

मला रडू फुटलं आणि हुंकारा देता येईना. पण या वेळी तो थांबला नाही. म्हाताऱ्याला हाताला धरून त्यानं रिक्षातून उतरवलं, घरात आणलं, अंथरुणावर बसवून पाणी दिलं, आणि मगच तो गप्प झाला.