लीलाताईंचा ठराव

लीलाताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या मतं मागायला. सोबत गल्लीतल्या चार बायका आणि हातात पत्रकं. आईने बसा म्हटलं, पण त्या बसल्या नाहीत. क्षणभर कान देऊन उभ्या राहिल्या आणि मोरी कुठे आहे म्हणून विचारलं. आई गडबडली. ताई सरळ आत गेल्या, टपटपणारा नळ आवळला, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मग खुर्चीवर टेकून म्हणाल्या, "वायसर बदलून घ्या. हं, आता राजकारण बोलू."

पुढे त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काढली, तेव्हा कळलं की ही सवय सगळीकडे तशीच होती. मंगल कार्यालय असो, दवाखाना असो, एसटी स्टँड असो, वाहता नळ दिसला की बाई उठल्याच. एकदा कोणा मंत्र्यांच्या सत्काराला व्यासपीठावरून उठून मंडपामागे गेल्या. मंत्र्यांना वाटलं रागावल्या. परत येऊन शांतपणे जागेवर बसल्या आणि हार घालायची आपली पाळी आली तेव्हा ओल्या हातांनीच हार घातला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बायकांसाठी वॉर्ड राखीव झाले आणि पंचवटीतला आमचा वॉर्ड त्यात आला. पक्षोपक्षी कोणाची बायको, कोणाची भावजय उभी करायची याची खलबतं चालली होती. आमच्या पक्षात तर एकाच्या बायकोला दुसऱ्याची हरकत होती, म्हणून शेवटी कोणाचीच नसलेली बाई शोधली गेली. हे ताई स्वतःच हसून सांगत. कोणाचीच नसलेली म्हणजे कोणा पुढाऱ्याची नसलेली. यजमान शाळामास्तर, आणि त्या स्वतः गल्लीत शिवणाचा क्लास चालवायच्या. ब्लाउजच्या कापडातून चिंधीसुद्धा वाया न घालवणारी बाई. शहराचं पाणी, दिवे, झाडूवाले यांच्याकडेही त्या त्याच नजरेने पाहत.

मी तेव्हा नुकताच विम्याच्या कचेरीत लागलो होतो. निवडून आल्यावर त्यांनी मला वॉर्डाचा चिटणीस केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, अरविंद, तू वाद घालतोस, पण मध्ये श्वास घेतोस.

त्यांची मतं ठाम होती आणि ती पुस्तकातून आली नव्हती. "सरकार म्हणजे माहेर नव्हे," त्या म्हणत, "गेलं की लाड करून घ्यायला." माणसाने आपलं पोट आपण भरावं, कर वेळेवर भरावा, आणि पालिकेने थोडीच कामं करावीत पण ती चोख करावीत, एवढं त्यांचं राजकारण. फुकट या शब्दाचा त्यांना तिटकारा होता. फुकटाला किंमत नसते आणि ज्याला किंमत नाही त्याला कोणी सांभाळत नाही, हे त्या प्रत्येक सभेत सांगत, आणि पुरावा म्हणून आमच्या गल्लीच्या वळणावरचा सार्वजनिक नळ दाखवत.

त्या नळाला तोटी कधी टिकलीच नाही. बसवली की चोरीला जायची. पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत नळ धो धो वाहायचा, वळणावर बारमाही चिखल. हंड्यांच्या रांगेवरून रोज भांडणं. शाळेत जायच्या वयाच्या पोरी नंबर धरून उभ्या असायच्या. ताईंचं म्हणणं असं की दारापर्यंत पाइप आलेला असताना रांग कशाला? घरोघरी जोडणी द्या, ज्याने त्याने आपल्या पाण्याचं बिल भरावं आणि हा नळ बंद करा. ठरावाचा मसुदा मी लिहिला. विरोधकांनी त्याला गरिबांच्या तोंडचं पाणी पळवणारा ठराव म्हटलं. ताई सभागृहात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गरिबाने पिढ्यान्‌पिढ्या रांगेत उभं राहावं यात मला गरिबाचं भलं दिसत नाही. ठराव मंजूर झाला.

आणि काम झालंही चांगलं. हे मला आजही म्हणायचं आहे. वर्षाच्या आत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक मोरीत नळ आला. ज्या बायका ताईंच्या नावाने बोटं मोडत होत्या त्यांनीच त्यांना घरी बोलावून ओटी भरली. वळण कोरडं झालं.

जवळजवळ प्रत्येक, असं मी म्हणालो. शेवंताबाईच्या खोलीत नळ आला नाही.

शेवंताबाई गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, हार-फुलं विकायची. नवरा वारलेला, पदरात दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू. वसंतरावांच्या चाळीत तिची भाड्याची खोली होती. बाकीचे भाडेकरू एकेक करून निघून गेले होते, ही राहिली होती. वसंतरावांना चाळ पाडून इमारत बांधायची होती आणि त्यांचा तिच्याशी कोर्टात दावा चालू होता. हे सगळ्यांना माहीत होतं. वसंतराव माणूस गोड, कपाळाला गंध, पक्षाच्या प्रत्येक कार्यक्रमाला मंडपाचा खर्च त्यांचा. आणि शेवंताबाईही आमचीच. ताईंच्या निवडणुकीत फुलांची पाटी खाली ठेवून ती दारोदार हिंडली होती. ताईंनी पूर्वी तिला रात्रीच्या शिवणवर्गात फुकट, म्हणजे पाटीतल्या गजऱ्याच्या बदल्यात, शिवण शिकवलं होतं, ते ती विसरली नव्हती.

नवीन जोडणीच्या अर्जावर घरमालकाची सही लागायची. वसंतरावांनी सही दिली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. भिंतीला ओल येईल, वकिलाला विचारतो, असं चाललं होतं. शेवंताबाई ताईंकडे आली. ताई म्हणाल्या, नीट विनंती कर, तो आपलाच माणूस आहे. ती पुन्हा आली तेव्हा ताईंनी माझ्यासमोर वसंतरावांना फोन केला. ते म्हणाले, बघतो ताई, तुमचा शब्द. ताईंचा त्यावर विश्वास बसला, माझाही बसला. शब्द दिला की झालं, अशी आमची समजूत होती. त्यानंतर शेवंताबाई आली नाही आणि आम्हाला वाटलं काम झालं असणार. ताईंच्या मागे तेव्हा नाल्याचं काम होतं, माझी कचेरीतली परीक्षा होती. चौकशी राहून गेली.

वळणावरचा नळ बंद झाल्यापासून ती शेजारून पाणी आणत होती. सुरुवातीला शेजारणी आनंदाने देत. पण आता ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बिलात होतं. हळूहळू दारं उशिरा उघडायला लागली. आजारी माणसाचं घर, धुणं रोजचं. उन्हाळा संपायच्या आत तिने खोलीची किल्ली वसंतरावांच्या हातात दिली आणि सासूला, मुलींना घेऊन विंचूरजवळ भावाच्या मळ्यात निघून गेली.

हे आम्हाला वसंतरावांकडूनच कळलं. ते पेढे घेऊन ताईंच्या घरी आले. मी तिथेच होतो. ताईंच्या हातावर पेढा ठेवून ते मनापासून म्हणाले, "ताई, इतकी वर्षं कोर्टात जे झालं नाही ते तुमच्या एका ठरावाने झालं. चाळ मोकळी झाली."

त्यांच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. ताई पेढा हातात धरून बसून राहिल्या. वसंतराव चहा घेऊन गेले तरी पेढा तसाच. मग त्यांनी मला विचारलं, वसंतरावांनी तिचं पाणी तोडलं असतं तर कोर्टाने त्यांना धरलं असतं ना? मी म्हटलं, धरलं असतं. भाडेकरूचं पाणी मालकाला तोडता येत नाही.

"म्हणून त्याने तोडलं नाही," ताई म्हणाल्या. "आपण तोडलं."

दोन दिवसांनी त्या आणि मी एसटीने विंचूरला गेलो. शेवंताबाई भावाच्या ओट्यावर झेंडूच्या माळा करत होती. आम्हाला बघून उठली, सतरंजी अंथरली, गूळ-शेंगदाणे आणले. सासू आत खाटेवर होती. ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथे राहायला ये, मुलींची शाळा बुडायला नको, म्हणाल्या. शेवंताबाईने माळेची गाठ मारली आणि सावकाश बोलली. रागाने नाही.

"तुमचं काय चुकलं नाय ताई. नळ बंद केला ते बराबर हाय, लय पाणी वाया जायचं. पण माझं घर गेलं. तुमच्याकडं आले तर मी पाहुणी. तिथं माझ्या नावाची भाडेपावती होती."

ज्या बाईने आयुष्यभर 'स्वतःच्या पायावर उभं राहा' म्हणून सांगितलं, तिला तेच कोणीतरी परत सांगितलं होतं. निघताना शेवंताबाईने ताईंच्या केसांत गजरा माळला. परतीच्या गाडीत ताई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. निफाडला डोळे उघडेच दिसले.

त्यानंतर त्यांनी नवा ठराव आणला. ज्या भाडेकरूकडे भाडेपावती आहे त्याला मालकाच्या सहीशिवाय जोडणी मिळावी, बिल त्याने भरावं. आधी पक्षाच्या बैठकीत तो मांडला. शहराध्यक्ष समजावणीच्या सुरात बोलले. घरमालक हे आपले मतदार, मालकीहक्क हे आपलं तत्त्व, आणि ताईंनी स्वतःचाच जुना ठराव चुकीचा होता असं लोकांना का दाखवावं? ताई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"मालकी जागेची असते, तहानेची नसते. आणि ती बाई फुकट मागत नव्हती. पैसे द्यायला तयार असलेल्या बाईला आपण पाणी दिलं नाही. यात आपलं तत्त्व कुठे राहिलं ते मला सांगा."

सभागृहात ठराव विरोधकांच्या मतांवर मंजूर झाला. आमचे काही सदस्य त्या वेळी नेमके चहाला गेले होते. गॅलरीतून मला त्यांच्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. पंचवटीतल्या कितीतरी भाडेकरूंच्या घरात त्या ठरावाने पाणी आलं. लोकांनी अभिनंदन केलं की ताई मान हलवायच्या आणि विषय बदलायच्या. ज्या खोलीसाठी ठराव आणला तिच्या जागी तोवर इमारतीचा पाया खणून झाला होता.

पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. वॉर्ड आता बायकांसाठी राखीव राहिला नव्हता, ते वसंतरावांच्या पुतण्याला मिळालं. मी संतापून राजीनामा लिहिला आणि त्यांना दाखवायला नेला. त्यांनी वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला आणि पत्रकांचा गठ्ठा उचलून त्या पुतण्याच्या प्रचाराला निघाल्या. वाटेत मी भांडलो. त्या म्हणाल्या, घर सोडून गेलेल्या सुनेचं कोण ऐकतं? घरात राहून बोललं की निदान ऐकावं तरी लागतं. मला ते पटलं नाही, पण राजीनामा खिशातच राहिला. नंतर मीही पक्षात बऱ्यापैकी वर चढलो. मी योजनांची टिपणं घेऊन त्यांच्याकडे जायचो, कुठे बाजाराची जागा हलवायची, कुठे रस्ता रुंद करायचा. त्या चष्मा लावून सगळं ऐकत आणि शेवटी एकच विचारत, यात कोण उरतं? उरतं म्हणजे बाहेर राहतं. मी म्हणायचो, ताई, एखाददुसरं राहणारच. त्या म्हणत, हो, राहणारच. पण त्याचं नाव माहीत करून घे.

सिंहस्थ झाल्यानंतरच्या वर्षी त्यांना मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. शिवणाचा क्लास सुनेकडे दिला. मशिनीचा आवाज ऐकत आतल्या खोलीत पडून असत. भेटायला गेलो की शहराच्या बातम्या विचारायच्या आणि ऐकता ऐकता डोळा लागायचा. शेवंताबाईचं नाव त्या विंचूरच्या दिवसानंतर त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. मीही काढलं नाही. मला वाटायचं, विसरल्या असतील, किंवा मीच तशी सोय करून घेतली होती.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. शोकसभेला वसंतरावही बोलले, आणि चांगलं बोलले. मला तिथे बसवेना. दुसऱ्या दिवशी मी विंचूरची गाडी पकडली. एवढ्या वर्षांत त्या दोघींची भेट नसणार, पण बातमी तरी आपण सांगितली पाहिजे, असं मनात होतं.

शेवंताबाई त्याच ओट्यावर होती. केस पिकलेले, मुलींची लग्नं झालेली, सासू कधीच गेलेली. मला तिने ओळखलं. मी सांगितलं तेव्हा तिने हातातली दोऱ्याची सुई खाली ठेवली.

"यंदा आल्या नाय, तवा मला वाटलं कंटाळल्या," ती म्हणाली.

मला समजेना. मग तिने सांगितलं. ताई दरसाल यायच्या. दिवाळी सरली की एकट्याच, एसटीने. इथे बसायच्या, मुलींचं विचारायच्या, हाताने माळा करू लागायच्या, आणि उन्हं कलली की जायच्या. एकदा मोठीच्या लग्नाला शिवलेले चार ब्लाउज आणले होते, तेवढंच. खोलीचं, नळाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

"मी वाट बघायची," शेवंताबाई म्हणाली. "त्यांनी नुसतं नाव काढलं आसतं ना, तर मी लगेच म्हणले आसते, ताई, झालं गेलं, सोडा आता. माझ्या मनात कवाच राहिलं नव्हतं. पण आपल्या तोंडानं आपण कसं काढायचं? त्यांना वाटायचं, ही अजून उकरती." आतून कोणीतरी चहाला हाक मारली, तिने ऐकली नाही. "त्या बी माझीच वाट बघत आसतील का? मीच म्हणायला पायजे होतं, नाय का?"

गाडीची वेळ झाली होती, तरी मी तिच्याजवळ ओट्यावर बसून राहिलो.