गोठलेल्या दवातली पावलं

इराणच्या हद्दीला लागून असलेल्या त्या कुर्दी गावात खिदिरला सगळे ‘रानबकऱ्यांचा सोयरा’ म्हणत. उभा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघे कुरकुरू लागले तसा त्याने कळप पुतण्याच्या हवाली केला. पहाटे उठायची सवय मात्र सुटली नाही. पानगळ लागली की माजावर आलेले बोकड कड्यावर जमतात. त्यांना बघायला तो रोज ओकच्या रानातून वर जायचा. नुसतं बघायला. बंदूक त्याने केव्हाच विकून टाकली होती.

त्याची बायको क्वेस्तान तीस वर्षांत त्या डोंगरावर गेली नव्हती. लढाईत पेरलेल्या सुरुंगांपैकी एकाने तिचा धाकटा भाऊ तिथेच नेला होता. पुढे सुरुंग काढणारी माणसं आली. त्यांनी कड्यापर्यंत एक पायवाट साफ केली आणि दोन्ही कडांना रंगवलेले दगड मांडले. वाटेकडची बाजू पांढरी, रानाकडची लाल. पांढरं दिसतंय तोवर चालायचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

“एकदा तरी ये,” खिदिर दर वर्षी म्हणायचा. या वर्षी ती उठली आणि शाल गुंडाळू लागली.

“आज कुठून सूर्य उगवला?” तो म्हणाला.

“म्हातारा झालायस. वर कुठे पडून राहिलास तर गावाला सांगायला कुणीतरी हवं.”

रात्री पहिल्यांदाच दव गोठलं होतं. गवत पिठासारखं पांढरं झालं होतं. खिदिर पुढे चालला होता आणि क्वेस्तान त्याच्या प्रत्येक पावलाच्या ठशात आपलं पाऊल नेमकं ठेवत मागून येत होती.

“कोंबडीसारखी काय टिपत चालतेस?”

“तुझी रानबकरी नाहीये मी. तू पुढे बघ.”

पण खिदिर पुढे बघत नव्हता, वर बघत होता. एका चकोराने दगडाआडून साद घातली. एका ओकखाली रानडुकरांनी पडलेल्या फळांसाठी सगळी जमीन उकरून ठेवली होती. मग कड्यावर दोन बोकड मागच्या पायांवर उभे राहिले आणि शिंगांवर शिंगं आदळली. आवाज खाली यायला क्षणभर वेळ लागला. खिदिर चालता चालता हसला.

“खिदिर,” मागून क्वेस्तान हळूच म्हणाली, “ते दगड लाल का दिसतायत?”

उजव्या हाताला, दहा-बारा पावलांवर दगडांची एक रांग होती. सगळ्यांची लाल तोंडं त्या दोघांकडे वळलेली.

खिदिर जागीच थांबला. त्या उकरलेल्या ओकपाशी वाट उजवीकडे वळत होती. डुकरांनी वळणावरचे दगड उलथून टाकले होते, त्यांतले दोन सरळ पुढे गडगडून पांढरी बाजू वर करून पडले होते. कड्याकडे डोळे लावून चालणारा खिदिर त्या पांढऱ्याच्या मागे गेला होता.

“हलू नकोस,” तो म्हणाला. आपला आवाज त्याला परका वाटला.

“हलत नाहीये.”

मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या गवतात त्याच्या पावलांचे काळे ठसे ओळीने दिसत होते. एकच ओळ. पण ऊन डोंगराच्या धारेवरून उतरायला लागलं होतं, आणि जिथे ते पोचत होतं तिथे सगळंच गवत काळं होत होतं.

“आता तू पुढे,” खिदिर म्हणाला. “ठशात पाय. दुसरीकडे कुठे नाही.”

“मी?”

“तुला ओलांडून मी येऊ शकत नाही, बाई.”

क्वेस्तान जागच्या जागी वळली. एक पाऊल, मग दुसरं. तिच्या शालीचं टोक थरथरत होतं. खिदिरला दिसत होतं, पण हात लावायची त्याची हिंमत होईना. पाखरांचे आवाज बंद झाले असं त्याला वाटलं; ते बंद झाले नव्हते. एका जागी वाळलेल्या पानाखाली काहीतरी कट्कन मोडलं आणि दोघंही डोळे मिटून उभी राहिली. काटकी होती.

ओक जवळ आला तशी ती थांबली. पुढचं दव वितळून गेलं होतं. ठसे नव्हते.

“आता?” खिदिरने विचारलं.

“त्या ओकपासून मी पावलं मोजत आले होते. पस्तीस झाली. परत येताना एकतीस मोजली. चार राहिली.” तिने हात पुढे केला. “ती खालची फांदी येताना डाव्या खांद्याला घासली होती. म्हणजे आता उजव्या.”

“कशाला मोजत होतीस?”

“भीती वाटत होती म्हणून. तुला नव्हती वाटत.”

चार पावलं झाली. फांदी तिच्या उजव्या खांद्याला घासली, आणि पुढच्या दगडाची पांढरी बाजू त्यांच्याकडे होती.

खिदिर मटकन खाली बसला. क्वेस्तान मात्र उकरलेल्या मातीपाशी वाकली होती. उलथलेल्या दगडाच्या खड्ड्यात माती वाळून भेगाळली होती, तीत मुंग्यांनी बीळ केलं होतं, वर ओकची पानं पडून करपली होती.

“हे काही आज उकरलेलं नाही,” ती म्हणाली.

तिने मान वळवून खिदिरकडे पाहिलं.

“तू काल आला होतास. परवाही.”

“रोजच येतो.”

“याच बाजूने?”

वर कड्यावर पुन्हा शिंगं आदळली. या वेळी खिदिरने मान वर केली नाही. तो आपल्या जोड्यांकडे बघत बसला होता. क्वेस्तानने त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, आणि गावापर्यंत ती पुढे चालली.