हिरव्या दोऱ्याचं सील

डेपोत तिला सगळे धूरबाई म्हणायचे. बावीस वर्षं ती बसच्या धुराच्या नळीमागे पांढरं फडकं धरून उभी राहत आली होती. फडकं जितकं काळं, तितका ड्रायव्हरचा उद्धार. इंजिनाचा आवाज तर तोंडानं असा काढायची, की कॅन्टीनमध्ये पाठमोरे बसलेले दचकून पाय आत घ्यायचे. आधी "गुर्र-गुर्र", मग एक छोटासा "हप्", मग "घ्याऽऽव".

सगळी मेख त्या "हप्"मध्ये. पॅडल दणकन दाबलं की डिझेल लगेच धावतं, पण हवा ढकलणारा टर्बो जरा उशिरा जागा होतो. तेवढ्या वेळात अर्धवट जळलेलं डिझेल काळा ढग होऊन बाहेर पडतं. म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर एक स्क्रू असतो. हवा येईपर्यंत तो डिझेलला दारातच थोपवतो. त्याला कोणी हात लावू नये म्हणून वर तारेचं सील.

सात नंबरची बस धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली, तर धूरबाईचा सहीचा अधिकार जाणार होता. काल दुपारी तिनं बस तपासून कागदावर सही केली होती. आज अकराला धूर तपासणारे सरकारी साहेब येणार, म्हणून साडेदहाला तिनं सहज पॅडल दाबून पाहिलं.

"भक्क!"

फडक्याचा कोळसा झाला. पंपावर वाकून पाहते तर सीलची तार गायब, आणि जागेवर हिरवा दोरा. तिच्याच शिवणाच्या डब्यातला. सात नंबरवर ड्रायव्हर कोण? तिचाच नवरा.

"अहो, इकडे या."

"काय गं?"

"हा दोरा ओळखता?"

नवऱ्यानं कान खाजवला. "चढावर रांगते गं बस. मागून पोरं ओरडतात, 'काकाऽ, उतरून ढकलू का?' म्हणून काल संध्याकाळी तो स्क्रू दीडच आटा फिरवला."

"दीडच? कागदावर सही माझी आहे!"

तिनं दीड आटा उलटा फिरवला. पॅडल दाबलं. "हप्... घ्याऽऽव." फडकं राखाडी. पण सील? नवी तार फक्त साहेबांच्या पेटीत.

साहेब आले. तीनदा पॅडल हाणलं, मीटर पाहिलं, "पास" म्हणाले, पेन काढलं आणि पंपावर वाकले.

"बाई, हे काय? सील कुणी तोडलं?"

गाडी धुतानाही तार तुटते. तिनं तसं म्हटलं असतं, तर साहेबांनी मान डोलावली असती. शब्द ओठांवर आलेही. नवरा बुटांकडे बघत होता.

"मी सही केली तेव्हा सील होतं," ती म्हणाली. एवढंच.

इंजिन गुरगुरत राहिलं. साहेबांचं पेन तिच्या सहीवर येऊन थांबलं.

"मी तोडलं, साहेब," नवरा पुटपुटला. "तिला माहीत नव्हतं."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग नवऱ्याला पंधरा दिवस गाडीवरून उतरवलं, पंपावर नवं सील मारलं आणि पासच्या कागदावर तिचीच सही घेतली.

धूरबाईनं तो हिरवा दोरा नवऱ्याच्या खिशात कोंबला.

"शर्टाचं बटण तुटलं की आता तुमचं तुम्हीच लावा. गाठ तर छान मारता."