शेवटचा एपिसोड बघू नको

जपानी कार्टूनच्या हॅरेम सिरीजमधला हिरो सगळीकडे सारखाच असतो. साधा शर्ट, कपाळावर केस, कशातच धड नाही, आणि तरी पाच-सहा मुली त्याच्यावर जीव टाकतात. एक तापट, एक अबोल, एक श्रीमंताघरची, एक चष्मेवाली, आणि एक लहानपणापासून शेजारी राहणारी. ही शेजारची रोज त्याच्यासाठी डबा करून आणते आणि शेवटी हमखास हरते. समुद्रावरचा एक एपिसोड असतो, गरम पाण्याच्या कुंडाचा एक, जत्रेतल्या आतषबाजीचा एक. एवढं होऊन पठ्ठ्या कुणालाच हो म्हणत नाही आणि सीझन संपतो. त्या वर्षी आमच्या कुंभवलीच्या भाड्याच्या खोलीत मी या सिरीज एकामागून एक पाहत होते, कारण नवरा त्याच आणून देत होता.

त्या वर्षी म्हणजे, सहाव्या महिन्यात माझं मूल गेलं त्या वर्षी. दोष कशाचाच नव्हता, असं होतं कधीकधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी औषधाच्या गुंगीत होते. नवरा आणि त्याच्या प्लांटमधला एक मित्र असे दोघं ते घेऊन गेले. मुलगा होता की मुलगी, कुठं नेलं, काय केलं, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. सासूबाई साताऱ्याहून आल्या, मला लापशी आणि डिंकाचे लाडू खाऊ घातले, बोलल्या काहीच नाहीत, आणि शेतीची कामं खोळंबली म्हणून परत गेल्या. मग खोलीत आम्ही दोघंच उरलो. त्या विषयावर दोघांत एक शब्द झाला नाही. जितका उशीर होत गेला तितकं ते बोलणं अवघड होत गेलं, आणि मला कळत होतं की हे असंच राहिलं तर आम्ही नवरा-बायको म्हणून फक्त एका पत्त्यावर राहू.

त्याआधी आम्ही बोलायचो ते सिरीजबद्दल. जपानी कार्टूनचं हे वेड त्याचं, डिप्लोमाच्या होस्टेलपासूनचं. लग्न झालं तेव्हा मी त्याला यावरून पुष्कळ छळलं होतं. सासूबाईंसमोर अहो आणि खोलीत अरे, असा माझा कारभार, आणि अरे म्हणायला लागल्यावर पहिलं वाक्य होतं, अरे, तू मोठा कधी होणार. पण माझी लॅबची जनरल शिफ्ट आणि त्याची फर्स्ट, सेकंड, नाईट अशी फिरती. आठवड्यातून जेमतेम तोंडं बघायला मिळायची. तेव्हा एकच गोष्ट दोघांनी आपापल्या वेळी बघायची आणि भेटलो की तिच्यावर भांडायचं, ही सोय बरी वाटली. त्याला हॅरेम आवडायच्या. मला साध्या रोमान्सच्या, जिथं दोघंच असतात आणि हात हातात यायला अख्खा सीझन जातो.

मी क्यूसीत आहे. दिवसभर सॅम्पल तपासायचं आणि बॅच पास की फेल ते सांगायचं. तीच सवय मी सिरीजला लावली. तुझ्या हॅरेममध्ये सहा मुली आणि एकीलाही स्वतःचं डोकं नाही, फेल. तो म्हणायचा, तुझ्या रोमान्समध्ये दोघं छत्री कुणी धरायची यावर चार एपिसोड खातात, त्यापेक्षा माझी पोरं तरी हसवतात. मी म्हणायचे, हसायचंच असेल तर तुझ्या सुपरवायझरकडे बघ. नियम एकच होता. दुसऱ्याच्या पुढं जाऊन बघायचं नाही, आणि शेवट सांगायचा तर मुळीच नाही.

मूल गेल्यावर हे भांडण संपलं. सिरीज चालूच राहिल्या. तो डाउनलोड करून टॅब फ्रिजवर ठेवून जायचा, मी लॅबमधून आले की घ्यायचे. जवळजवळ सगळ्या हॅरेम. अधूनमधून माझ्या आवडीची एखादी असायची, पण तिचे बारापैकी अकराच एपिसोड असायचे. म्हणायचा, शेवटचा बघू नको, पार बिघडवलाय, अकराव्यालाच संपली समज. आधीची मी असते तर म्हणाले असते, बिघडवलाय की नाही ते मी ठरवीन, आण इकडं. आता मी बरं म्हणायचे. मला खरोखरच शेवट नको होता. मला काहीच नको होतं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. पाय मुडपून बसल्यावर तो बधिर होऊन जसा आपला आणि आपला नाही असा होतो, तशी मी सगळीच झाले होते. भाजी फोडणीला टाकली की वास यायचा नाही. एमआयडीसीचा वारा फिरला की शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या, माझी उघडीच असायची. हॅरेममधल्या मुली एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या आणि मी त्यांच्याकडे बघत भात खायचे. त्या मला बऱ्या वाटायला लागल्या होत्या, एवढंच सांगता येईल. त्यांच्यात कधी काही घडतच नाही. सगळ्या मुली शाळेतच राहतात, कुणाचं काही पुढं सरकत नाही.

नवऱ्याचा मात्र रागही यायचा. बायकोचं हे असं झालं आणि हा माणूस पोरकट सिरीज आणून देतो, याला काही वाटतंय की नाही, असं मनात यायचं. रागाला जोर नसायचा. यायचा आणि जायचा.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर उमरोळीची एक जण होती. माझ्याच वयाची, बिनलग्नाची, जिभेला हाड नसलेली. सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरून शेअर रिक्षानं यायची आणि आल्या आल्या बोलायला लागायची. बाकीच्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या, हिनं आवाज कमी केला नव्हता, म्हणून मला ती चालायची. घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि तिला म्हणे रोमान्स बघून अंदाज घ्यायचा होता. मला काहीतरी सांग, पण त्यात ढीगभर पोरी नकोत, एकच पोरगी नि एकच पोरगा पाहिजे, अशी तिची अट. मी तिला माझ्या त्या अकरा-अकरा एपिसोडवाल्या सांगितल्या. एक होती बेटावर जाणाऱ्या बोटीच्या तिकीट खिडकीवरच्या मुलीची. एक रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची. एक भाताच्या गावात बदलून आलेल्या मास्तरणीची. आणि तिन्हींच्या बाबतीत मोठ्या अधिकारानं बजावलं, शेवटचा एपिसोड बघू नकोस, बिघडवलाय. न तपासता पास-फेल सांगायचं नाही, ही आमच्या कामाची पहिली शिकवण. मी नवऱ्याचा रिपोर्ट माझ्या सहीनं पुढं दिला होता.

थोड्या दिवसांनी दुपारच्या जेवणाला कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर डबा घेऊन बसली. म्हणाली की तिनं तिन्हींचे शेवटचे एपिसोड पाहिले.

"तू पागल हाय काय गं? तेच तर भारी हायेत. मी तर रडले."

मी म्हटलं, काय आहे त्यात. मला फारसं ऐकायचं नव्हतं, पण ती सांगणारच होती. चपातीचा तुकडा हातात धरून सांगायला लागली. बोटवाली आहे ना, तिचं लग्न होतं, आणि मग काही वर्षांनंतरचं दाखवतात, तीच बोट, आणि तिच्या कडेवर लहान पोरगी. रेडिओवाल्याचंही तसंच, शेवटी घरात पाळणा. मास्तरणीला तर जुळी. "आमी तर म्हटलं, ह्या बाईला पोरांचा राग हाय का काय, तिन्ही ठिकाणी पोर आलं का नेमका..."

तिथं ती थांबली. चपातीचा तुकडा तसाच हातात. तिला माझं माहीत होतं, सगळ्या लॅबला माहीत होतं. तिचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, नाय गं, मना तसं नव्हतं म्हणायचं. मी तिला म्हटलं, जेव. मी पण जेवले. दोडक्याची भाजी होती. 

दुपारभर मी ब्युरेटची नळी समोर ठेवून बसले. तीन सिरीज म्हणजे योगायोग नव्हे. तो प्रत्येक सिरीज आधी शेवटपर्यंत बघत होता. जिच्यात मूल होतं तिचा शेवट कापत होता. आणि जिथं मूल यायची मुळीच भीती नाही, जिथं कुणी कुणाला हो म्हणत नाही, लग्न होत नाही, अशाच सिरीज तो मला बिनधास्त अख्ख्या देत होता. मी त्याला पोरकट समजत होते.

घरी आले तेव्हा तो फर्स्ट करून आलेला, मंद गॅसवर तेल ठेवून ओट्याशी कांदा चिरत होता. टॅब फ्रिजवर होता. मी पर्स ठेवली आणि म्हटलं, बोटवालीचा शेवटचा एपिसोड दे. तो म्हणाला नेट नाही. मग म्हणाला, काही नाही गं त्यात, उगीच वेळ घालवशील. मी म्हटलं, तिच्या कडेवर मुलगी आहे ना?

सुरी थांबली. तो माझ्याकडे वळला नाही.

"कुणी सांगितलं?"

मी त्याला सगळं सांगितलं. मग विचारलं की तू हे सगळे शेवट कुठं बघायचास. तो म्हणाला, प्लांटवर, चहाच्या सुटीत, कूलिंग टॉवरच्या मागं बाकडं आहे तिथं. आधी बघायचो, मग ठरवायचो तुला द्यायचं की नाही. तुला लागलं असतं.

"आणि तुला?"

कांद्याचं पाणी पुसायचं म्हणून त्यानं बाहीनं डोळे पुसले, पण सुरी केव्हाची थांबली होती. "मला लागायचं," तो म्हणाला. "पण मी तर पाहिलंच होतं. तू पाहिलं नव्हतंस."

तेव्हा मला कळलं की मी एवढे महिने हे माझं एकटीचं समजून बसले होते. माझ्यापाशी न पाहिलेलं होतं, त्याच्यापाशी पाहिलेलं. तो ते एकटा घेऊन तीन शिफ्टमध्ये फिरत होता, आणि मला वाटत होतं त्याला काही वाटत नाही. मला त्याची फार दया आली. कशाचं तरी काही वाटणं हे माझ्या अंगाला नवीन होतं, आणि ते दुखलं.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. विचारायचं होतं ते इतके दिवस तोंडात अडकलं होतं की आवाज माझा मलाच परका वाटला.

"काय होतं?"

"मुलगी," तो म्हणाला. "एवढीशी. कपाळ तुझं होतं. मोठं." त्यानं हातानं माप दाखवायला सुरुवात केली आणि हात तसाच राहिला. "टॉवेलमध्ये घेतलं होतं. निळा होता ना आपला, तो. तू नंतर शोधत होतीस, मी म्हटलं दोरीवरून उडाला."

मी मान हलवली. तो टॉवेल मी खरंच शोधला होता.

"कुठं?"

त्यानं सांगितलं. खाडीकडं जाताना स्मशान लागतं, त्याच्या कडेला लहान मुलांची जागा आहे. त्यानं वर दगड ठेवलेत. अधूनमधून नाईट सुटली की सकाळी तिकडून येतो, दगड नीट आहेत का बघतो. मला सांगावं असं रोज ठरवायचा.

गॅसवर तेल तापून धूर यायला लागला होता. मला वास आला. मी जाऊन गॅस बंद केला.

"मला नेशील?"

"उद्या सेकंड आहे माझी," तो म्हणाला. "तू सुटी टाक. सकाळी जाऊ."