बिनआंघोळीचे भंतेजी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीतले झाडून सगळे बाप्ये खडी फोडायला गेले होते. त्या पौर्णिमेला दुपारी विहारात वंदनेला आम्ही बायका आणि थकलेली म्हातारी माणसं एवढीच होतो. विहार म्हणजे वर पत्रे आणि खाली सारवलेली जमीन. वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर एकाच जागी मुक्कामाला, एक भंतेजी येऊन राहिले होते. पाऊस मात्र आला नव्हता, आणि त्याचा ठपका गावातल्या काहींनी भंतेजींवरच ठेवला होता. घोडेगावच्या बाजारात तसं उघड बोललं जात होतं.

मी नुकतीच लग्न होऊन आले होते. पंचशील म्हणता म्हणता दारातून काठ्या घेतलेली माणसं येताना दिसली. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, आमच्या आत्याबाईंनी, माझा हात धरला.

पुढचा माणूस दारातच थांबला. म्हणाला, "तुमी आल्यापास्नं पाऊस पळालाय. आजच्या आज गाव सोडा."

भंतेजींनी पंचशील पुरं केलं. मग त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, "पाऊस माझं ऐकत असता, तर आठवडाभर बिनआंघोळीचा बसलो असतो का?"

आणि आत्याबाईंना हसू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. समोर काठ्या, आणि आमच्या वस्तीतली बाई हसतेय. पहिला घाव हिच्यावरच, असं वाटून मी डोळे मिटले.

पण मग हसू ऐकू आलं ते दाराकडून. त्यांच्यातला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "आमचीबी तीच गत हाय." दुसऱ्यानं हसू लपवायला मान फिरवली. पुढचा तेवढा हसला नाही. परत येऊ, असं बजावून तो वळला, आणि बाकीचे त्याच्यामागे गेले.

भीती वाटली नाही का, असं मी भंतेजींना विचारलं. त्यांनी चीवरातून हात बाहेर काढले. ते थरथरत होते. त्या माणसांचेही ओठ तहानेनं फुटलेले दिसले, म्हणून तसं बोलून गेलो, असं म्हणाले.

घरी आल्यावर आत्याबाईंवर मी चिडलेच. हसलात कशाला, म्हटलं.

"लई भ्याले हुते गं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर रडले असते."

ती माणसं परत आली नाहीत. पण मालक कामावरून येईपर्यंत मी रोज दाराला आतून पाटा लावून बसायची.