बिनफवारणीचं सफरचंद

मोताळ्याला आमचं शेतीऔषधांचं दुकान आहे. कपाशीवरचा मावा, बोंडअळी, सोयाबीनवरचा तांबेरा, सगळ्यांवरचा इलाज आमच्या फळ्यांवर बाटल्यांत भरून उभा असतो. गिऱ्हाइकाने आणलेलं पान उलटंपालटं करून माझे पती रोग सांगतात. दुपारी ते जेवायला घरी आले की गल्ल्यावर मी बसते. त्यामुळे घरामागच्या मुरमाड तुकड्यात औषध न मारता फळझाडं वाढवायची असं मी ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसले ते तेच.

पेरू, लिंबू, सीताफळ इथवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. एका रात्री जेवताना मी सफरचंद म्हटलं, तेव्हा मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"सफरचंद? मोताळ्यात? मे महिन्यात इथं माणूस भाजून निघते, आन् तुले काश्मीर पाहिजे?"

"काश्मीरचं नाही हो. कमी थंडीत येते अशा जाती निघाल्या आता. देऊळगाव राजाकडे एकानं लावल्या, फळंही लागली म्हणे."

"मंग लाव. रोग आला तं औषध आपल्याच दुकानात हाये."

"तेच तं मले नाही पाहिजे."

माझे सासरे शेजारीच जेवत होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्यांची सगळी हयात कपाशीत गेली, पाठीवर पंप घेऊन फवारण्यात गेली. ताट बाजूला सारत ते म्हणाले, "ज्याले दर आठ दिवसाले फवारा लागते ते झाड नाही, पेशंट हाये. सून बराबर म्हणते. जाऊन पाहू, खाऊन पाहू, मंग आणू."

उन्हाळा संपत आला होता. मामाजी आणि मी एस.टी.ने देऊळगाव राजाला गेलो. बाग गावाबाहेर होती. मालक पांढऱ्या दाढीचे, मोठ्या आवाजाचे मुसलमान शेतकरी. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. झाडाखाली बाज टाकून त्यांनी आम्हाला बसवलं आणि एकेका जातीचं फळ कापून पुढे ठेवलं. पाट्यांवर त्यांची इंग्रजी नावं होती, पण आम्ही रंगांवरूनच त्यांना ओळखलं ते आजतागायत.

लाल फळ मोठं, रसाळ, खाल्ल्यावर वास हातालाही राहिला. मामाजींनी तिथेच मान डोलावली. दुसरं अंगावर लाल पट्टे असलेलं, म्हणून पट्ट्याचं; दिसायला देखणं, पण तोंडात पिठूळ. शेवटचं पिवळं, लहानसं, उन्हाच्या बाजूने जरा गुलाबी. दात लावला तर कर्रकन वाजलं. आधी आंबट, मग मागून गोड, आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारं.

"याला बाजारात कोणी विचारत नाही, बेटी," चाचा म्हणाले. "रंग नाही ना त्याला."

मलाही लालच घ्यावंसं वाटत होतं. पण इतकी वर्षं गल्ल्यावर बसून एक गोष्ट मी शिकले होते. मे महिन्यात कोणीच रोगाचं पान घेऊन येत नाही. रांग लागते ती पावसाळ्यात.

मी म्हटलं, "चाचा, रोपं आज नाही नेत. झड लागली की परत येते."

चाचा हसले. "पावसात इथं कोण येतं? सगळे फळ बघायला येतात."

भादव्यात सलग झड लागली तशी मी निघाले. मामाजींचा गुडघा धरला होता, म्हणून पती आले. "एका झाडासाठी दोनदा देऊळगाव!" असं वाटभर पुटपुटत आले. बागेत घोट्याएवढा चिखल होता. लाल सफरचंदाची झाडं ओळखू येईनात. पानांवर काळपट ठिपके, निम्मी पानं पिवळी पडून बुडाशी गळालेली. पतींनी सवयीने रोग सांगितला आणि पंपाला किती औषध घ्यायचं तेही सांगून टाकलं. पट्ट्याची झाडं बरी होती. आणि पिवळी? भर पावसात हिरवीगार, धुतल्यासारखी. पतींनी पान चोळलं, उलटं करून पाहिलं, दुसऱ्या झाडाचं पाहिलं, तिसऱ्याचं पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले,

"याच्यात आपला धंदा नाही."

त्यांच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

चाचांनी एक गोष्ट बजावली. पिवळं एकटं लावायचं नाही. त्याच वेळी फुलणारं दुसऱ्या जातीचं झाड जवळ असलं तरच फळ धरतं. म्हणून पिवळ्याच्या सोबतीला मी पट्ट्याचं निवडलं, आणि थंडीत रोपं घरी आली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एक पिवळं मी उताराच्या बुडाशी लावलं होतं. तिथे पाणी साचलं आणि पहिल्याच पावसाळ्यात ते वाळलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी. जात कितीही दणकट असली तरी पाण्यात उभी करायची नसते, हे मला त्या झाडाने शिकवलं. त्याच्या जागी दुसरं आणून उंचवट्यावर लावलं. उन्हाळ्यात जुन्या लुगड्यांची सावली केली. पहिली फुलं आली तेव्हा झाडाला बळ यावं म्हणून मी ती खुडायला बसले, तर मामाजी कळवळले. "अवं, एक तं ठेव!" मी एकही ठेवलं नाही.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात झड उघडेचना. दुकानात ठिपक्यांच्या पानांची रीघ लागली होती. मी रोज सकाळी मागच्या दारी जाऊन पानं उलटून पाहायची. पट्ट्याची थोडी गेली. पिवळ्याची टिकली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात फळं पिकली. पहिलं मामाजींनी तोडलं, धोतराला पुसलं आणि झाडाखालीच खाल्लं.

"आंबट हाये," ते म्हणाले. आणि लगेच हात वर केला. "थांब थांब. गोड हाये. लय गोड हाये बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी लावत होते. पतींनी बाटल्यांच्या मधोमध ताटलीत सफरचंदं मांडली होती. एका गिऱ्हाइकाने फोड तोंडात टाकून विचारलं, "भाऊ, याले कोणतं औषध मारता?"

"काहीच नाही."

"दुकान तुमचं, आन् काहीच नाही?"

"मंडळीनं जातच तशी निवडली. पावसात जाऊन, चिखलात उभी राहून निवडली. मी नुसता सोबत गेलतो."

हातातलं खोकं तसंच धरून मी उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी जेवढ्या ताठ मानेने मी त्या खोलीतून बाहेर आले तेवढ्या ताठ मानेने कधी आले नव्हते.

पिशवीभर फळं चाचांकडे घेऊन गेले. त्यांनी एक फोड हळूहळू चावली. "माझ्यापेक्षा तुझं सरस झालं," म्हणाले, आणि त्याच बैठकीत मला कलम बांधायला शिकवलं. आता आमच्या गल्लीतल्या बाया थंडीत काडी मागायला येतात. मी कलम बांधून देते, आणि पाणी साचेल तिथे लावू नका म्हणून दम भरते.

आल्यागेल्याला बाग दाखवायचं काम मामाजींनी स्वतःकडे घेतलं आहे. झाडाला किती फळं आली हे ते दर वेळी वाढवून सांगतात. मी दुरुस्त करत नाही.