भिंतीवरच्या काचा

अंबाबाईंना सौंसरात कुणी नावं ठेवत नसे. ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्या बाजारातून निघाल्या की पानठेल्यावरची मिशाळ माणसं विडी पाठीमागे लपवत, कारण त्यांच्या बायका बाईंच्या हाताखालून गेलेल्या होत्या आणि घरी जाब विचारायला शिकल्या होत्या. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझा राग मधे मधे येणार, हे आधीच सांगून ठेवते.

मुलींची शाळा भरायची ती भगवंतरावांच्या जुन्या कापसाच्या वखारीत. भगवंतराव कापसाचे व्यापारी. त्यांनी नवी वखार बांधली आणि जुनी शाळेला दिली. दगडामातीच्या जाड भिंती, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि त्यांवर कवेलू, म्हणजे कौलं. शाळा चौथीपर्यंतच. चौथी झाली की मुलगी घरी, आणि घरी बसलेल्या मुलीचं काय होतं हे रामाकोन्यापासून बोरगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी सरकारला न विचारता पाचवी सुरू केली, मग सहावी. सातवीपर्यंतची मान्यता हवी असेल तर धड इमारत दाखवा, असं वरून उत्तर आलं. बाईंनी त्या इमारतीसाठी जिवाचं रान केलं.

म्हणून नागपूरहून विनायकराव आले. सरकारी बांधकाम खात्यातले आर्किटेक्ट, सडपातळ, बोलायला हळू. आम्हाला वाटलं, वखार पाडायला सांगतील. त्यांनी भिंतींवर हात फिरवला, कैच्यांखाली बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे पाडायचं नाही. असं सागवान आता कोण देणार? याला सांभाळू, आणि मागं नव्या खोल्या जोडू." सरकारी मदतही तशीच मंजूर झाली, जुन्या इमारतीची दुरुस्ती आणि वाढ म्हणून.

मग बाई आणि विनायकराव यांची जुगलबंदी सुरू झाली. मोजायच्या टेपचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं साहेबांच्या. साहेबांना खिडक्या मोठ्या आणि खाली हव्या होत्या, मुलींच्या पाट्यांवर उजेड पडावा म्हणून. बाई म्हणाल्या, "साहेब, रस्त्यावरून पोरी दिसल्या तर बाप लोक उद्याच नावं काढून नेतीन. खिडकी उंच करा." साहेब म्हणाले, उंच केली तर वर्गात अंधार. दोघंही हटेनात. शेवटी साहेबांनी नकाशा पुन्हा काढला. खिडक्या खालीच राहिल्या, पण अंगणाच्या बाजूला वळल्या. त्या दिवशी बाईंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बाईंकडे परक्या पुरुषाचं पान तेव्हा पहिल्यांदा मांडलं गेलं असावं.

एकच गोष्ट साहेबांना खात होती. पश्चिमेच्या भिंतीला उभ्या भेगा होत्या. आमच्याकडची काळी जमीन उन्हात आकसते, पावसात फुगते, आणि तिच्यावरची भिंत तिच्याबरोबर हलते. भेगा जुन्या आहेत की अजून वाढताहेत, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी काचेच्या बारीक पट्ट्या भेगांवर आडव्या चिकटवल्या आणि बाईंना म्हणाले, "बाई, या काचांवर लक्ष ठेवा. काच फुटली तर भिंत गेली समजा. लगेच कळवा."

बाईंनी ते मनावर घेतलं. काच फुटणं आमच्याकडे तसंही अशुभ. त्यांनी भिंतीपासून हातभर अंतरावर खडूनं रेघ मारली आणि रेघ ओलांडणारीला छडी ठरली. माझी मैत्रीण सरला रामाकोन्याची, कापूसवाल्या शेतकऱ्याची लेक, वर्गात सगळ्यांत हुशार. ती मुद्दाम रेघेवर अंगठा ठेवून बसायची आणि बाई वळल्या की मागे घ्यायची. आम्ही हसून लोटपोट व्हायचो.

त्या दिवाळीत, छप्पन साली, आमचं राज्य बदललं. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, पण नागपूर परकं झालं आणि राजधानी भोपाळला गेली. भोपाळ कुठल्या बाजूला हे आमच्या गावात चारदोन लोकांनाच माहीत होतं. नागपूरच्या मंजुरीचे कागद तिकडे गेले. विनायकराव मुंबई राज्याच्या वाट्याला आले आणि आमच्या भिंतीवर त्यांचा काही अधिकार उरला नाही. पण ते जाताना सांगून गेले होते, सवड काढून एकदा येऊन जाईन, तोवर काचा पाहत राहा.

आता दिवाळी म्हटली की आमच्याकडे प्रत्येक भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा हवा. भेगाळलेली भिंत दिवाळीला तशीच ठेवणं म्हणजे घरात माणूस नाही असं सांगणं. आणि शाळा हेच तर बाईंचं घर. त्यांनी पदर खोचला. सुरीच्या टोकानं काचा एकेक करून सोडवल्या, एकीलाही धक्का लागू न देता. रिठ्याच्या पाण्यात धुतल्या, पुसून कोनाड्यात ठेवल्या. भेगा शेणामातीनं छान लिपल्या, वरून पोतारा दिला. मग ओल्या मातीवर, आधीच्याच जागी, त्या काचा पुन्हा बसवल्या. आम्ही मुलींनीच माती कालवली होती. भिंत इतकी सुरेख दिसत होती की भगवंतराव मुद्दाम पाहायला आले.

हिवाळा गेला. काच एकही फुटली नाही. बाई रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यांच्यावरून नजर फिरवत आणि समाधानानं फळ्याकडे वळत. वरचा पोतारा कुठेकुठे तडकला की त्यावर बोट फिरवून घेत. भिंत गेली तर काच फुटेल, काच शाबूत म्हणजे भिंत शाबूत. यात त्यांना कुठेच शंका नव्हती.

चैत्रात विनायकराव स्वतःची रजा काढून नागपूरच्या बसनं आले. बाई दारातच म्हणाल्या, "या साहेब. एकबी काच फुटू नाही देली आमी."

साहेब आत आले. भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, ही भिंत कुणी लिपली?"

"मीच. दिवाळीले. काचा काढून ठेवल्या होत्या ना, भेव नाही."

त्यांनी एका काचेला बोट लावलं. काच आणि मागची वाळलेली माती अलगद त्यांच्या हातात आली. काच भिंतीला नव्हतीच, मातीला चिकटली होती; भेग रुंदावली तरी तिला ताण बसला नव्हता. मागच्या भेगेत त्यांचा पंजा मनगटापर्यंत गेला. ते एवढंच म्हणाले, "पोरींना बाहेर काढा." आवाज चढला नाही, पण आम्ही दप्तरं टाकून पळालो.

त्याच आठवड्यात भिंत गेली आणि तिच्याबरोबर अर्धं छप्पर. आत कुणी नव्हतं म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. बाई मानत नव्हत्या. अंगणात बसून त्या साहेबांना एकच म्हणत राहिल्या, "मले बोला ना साहेब. काहीतरी बोला." साहेब म्हणाले, "तुमची चूक नाही. मी नीट सांगितलं नाही." मला वाटतं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

मदत जुन्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी होती. जुनी इमारतच उरली नाही, तर दुरुस्ती कशाची? नवी हवी तर नवा अर्ज, तोही भोपाळला. बाईंनी अर्ज केले. नागपूरहून साहेबांनी नवा नकाशा फुकट काढून पाठवला, खिडक्या अंगणाकडेच ठेवून. उत्तर आलं नाही. चौथीपर्यंतची शाळा देवळाच्या ओसरीवर गेली. पाचवी-सहावी बंद झाली. माझ्या वडिलांची बदली छिंदवाड्याला झाली, म्हणून मी शिकले. सरलाचं वैशाखात लग्न झालं. मला आजही संताप येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. बाईंवर काढवत नाही.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. घराच्या भिंती उघड्या, मातकट. त्या दिवाळीनंतर त्यांनी पोतारा कधी दिला नव्हता. चुलीमागच्या भेगेवर काचेची एक पट्टी होती, मधोमध तडकलेली.

"बाई, ही फुटली आहे."

"मालूम हाय. फुटू दे. कळते तरी." चहाचं आधण ठेवत त्यांनी विचारलं, "सरला भेटते का तुले?"

"परवाच भेटले. रामाकोन्यालाच असते, माहेराजवळ."

"पोरगी हाय म्हणे तिले. हुशार हाय का?"

"सरलासारखीच."

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता, आणि तेच मला पाहवेना.

"मंग? कोणत्या वर्गात शिकून राहिली?"

त्यांच्याशी खोटं बोलायची सवय मला कधीच लागली नव्हती. म्हणाले, "चौथी झाली, बाई. आता घरीच असते."